अकरा कोर्सना नाव घातलं, पुरा एकही नाही: खोट कुणात?

प्रश्न विचारणारे गृहस्थ खटाव तालुक्यातले. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेले, आता सातारच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनला. पाळी दर आठवड्याला बदलते: पहिली, दुसरी, रात्रपाळी. चार वर्षांत त्यांनी अकरा फुकट ऑनलाइन कोर्सना नाव घातलं आणि त्यातला एकही शेवटाला गेला नाही. डेटाचं काम शिकायची इच्छा आहे. विचारतात, "हे कोर्स खरंच कामाचे असतात का नुसती हवा? सर्टिफिकेटला कोण विचारतं? का माझ्यातच खोट आहे? आणि लॅपटॉप नाही, मोबाईलवर भागेल का?"

मी सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, बावीस वर्षं झाली. त्यातली गेली नऊ वर्षं एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या फुकट ऑनलाइन कोर्सचा कॉलेजातला समन्वयक आहे. पद ऐकायला बरं वाटतं. काम म्हणाल तर पोरांच्या मागे लागणं. "असाइनमेंट टाकली का, परीक्षेचा फॉर्म भरला का, फोटो बरोबर अपलोड झाला का." त्यामुळे हे कोर्स मी मागच्या दाराने बघितलेत. कोण येतं, कुठल्या आठवड्यात गळतं, कोण शेवटाला पोचतं, हे डोळ्यांसमोर घडतं.

तुमचा प्रश्न मी जरा फिरवून घेतो. अकराही वेळा कोर्स निवडताना तुम्ही कोर्स कसा आहे, कुणाचा आहे हे बघितलं असणार. तो आठवड्याला किती तास मागतो आणि ते तास तुमच्या तीन पाळ्यांत कुठे बसतात, हे बहुतेक एकदाही बघितलं नसणार. गोम तिथे आहे असं मला वाटतं. बाकीची उत्तरं त्याच्या मागोमाग येतील.

खोटीचं आधी मिटवू. २०१२ साली अमेरिकेतल्या एमआयटीने पहिला मोठा खुला कोर्स काढला, तो सर्किट्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचा. माझाच विषय, म्हणून आकडे पाठ आहेत. नाव घातलं १,५४,७६३ लोकांनी. पहिल्या गृहपाठाचं पान उघडून बघितलं ६९,२२१ जणांनी. त्यात निदान एक गुण मिळवला २६,३४९ जणांनी. सर्टिफिकेट हातात पडलं ७,१५७ जणांच्या. यात सगळ्यात मोठं भगदाड कुठे आहे बघा. निम्म्याहून जास्त माणसं पहिलं गणित डोळ्यांनी बघायच्या आत गेली. ट्रान्झिस्टर अवघड गेला म्हणून सोडणारे नंतरचे, तेही थोडे. हार्वर्ड आणि एमआयटीच्या पहिल्या सहा वर्षांतल्या कोर्सचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही तीच कथा. नाव घालणाऱ्यांतले ५२ टक्के लोक कोर्सच्या आत पाऊलच टाकत नाहीत. २०१७-१८ साली कोर्स पुरा करणारे ३.१३ टक्के. आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस म्हणतात. इथे नऊसुद्धा लागत नाहीत. तेव्हा अकरा अर्धवट कोर्स ही काही तुमची खासगी बदनामी नव्हे.

एवढ्यावरून हे कोर्स फसले असं म्हणणारेही भेटतात, त्यांच्याशी माझं जमत नाही. मी स्वतः दरवर्षी चार-पाच कोर्सना नाव घालतो, एखादं व्याख्यान बघतो आणि बाहेर पडतो. मोटर कंट्रोलमधला एक मुद्दा वर्गात कसा मांडावा ते कळलं, काम झालं. वाचनालयातून पुस्तक आणून एकच प्रकरण वाचलं तर ग्रंथपाल आपल्याला नापास करत नाही. दार उघडं ठेवलं की डोकावणारे येणारच. पण तुमचं डोकावणं नव्हतं. तुम्हाला पुरा करायचा होता आणि झाला नाही, म्हणून तुमच्याशी वेगळं बोलायला हवं.

हार्वर्ड-एमआयटीच्या त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. ज्यांनी पैसे भरून, ओळख पटवून सर्टिफिकेटसाठी नाव नोंदवलं, त्यांच्यात पुरा करणारे ४६ टक्के होते. पैसे भरल्यामुळे माणूस टिकतो का टिकणारा माणूसच पैसे भरतो, हे यातून सांगता येत नाही. दोन्ही थोडं थोडं असणार. आमच्याकडे मात्र इतकं नक्की दिसतं की परीक्षेची फी भरलेला पोरगा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन "सर, पहिल्या असाइनमेंटचे गुण धरतात ना?" म्हणून विचारतो. न भरलेला विचारत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट, म्हणजे उपदेश करायला मी कितपत लायक आहे तेही कळेल. २०११ च्या शेवटाला स्टॅनफर्डने काही कोर्स जगाला फुकट खुले केले. सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कोर्सला तर १,६०,००० च्या आसपास लोकांनी नाव घातलं. त्याच वेळी अँड्र्यू एन्ग यांचा मशीन लर्निंगचा कोर्स आला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी डाफ्नी कोलर यांच्यासोबत कोर्सेरा हे ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ काढलं. मी त्या मशीन लर्निंगला पहिल्यांदा बसलो ते तिसऱ्या आठवड्यात उठलो. दुसऱ्यांदा पाचव्यापर्यंत गेलो. पाचव्या आठवड्यात बॅकप्रोपगेशन येतं, आणि ऑक्टेव्ह नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅट्रिक्सच्या ओळी-स्तंभ जुळवता जुळवता मी हात टेकले. बायकोला सांगितलं कॉलेजात परीक्षेचं काम आलंय. तिसऱ्यांदा पुरा झाला, आणि त्याचं कारण सांगताना मला अजून थोडी लाज वाटते. शेजारच्या केबिनमधल्या मेकॅनिकलच्या सरांनी तोच कोर्स घेतला होता. ते शनिवारी चहाला यायचे आणि सहज म्हणायचे, "चौथी असाइनमेंट टाकली काल." त्यांची चौथी टाकून झालेली आणि माझी तिसरी अडकलेली, हे मला झोपू देत नव्हतं. शिकवणारे एन्ग तेच होते, व्हिडिओही तेच. फरक एवढाच की मी मागे पडलो तर ते आता कुणाला तरी कळणार होतं.

गळती कशी होते ते मी इतक्या वेळा बघितलंय की आता आठवडा सांगू शकतो. पहिला आठवडा गोड असतो. सर ओळख करून देतात, व्हिडिओ लहान, प्रश्न सोपे, दहापैकी दहा. पोरगं घरी आईला दाखवतं. दुसऱ्या आठवड्यात एखादी पाहुण्यांची वास्तुशांत येते किंवा तुमच्या बाबतीत दुसरी पाळी येते. दोन व्हिडिओ राहतात. तिसऱ्या आठवड्याचा धडा उघडतो आणि तो दुसरा कळलेला आहे असं धरून चालतो. इथून पुढे विषयापेक्षा लाजेचा भाग जास्त. माणूस कोर्स सोडायचं ठरवत नाही. कोर्सवाल्यांची मेल उघडायचं टाळतो. महिन्याने बघतो तर मुदत गेलेली. मग तो वेगळा, जास्त चांगला कोर्स शोधायला लागतो. बारावा.

कॉलेजात असं होत नाही, ते काही आम्ही मास्तर लोक फार भारी शिकवतो म्हणून नव्हे. आमच्यातले कित्येक जण व्हिडिओतल्या सरांच्या पासंगालाही पुरणार नाहीत, मी धरून. तिथे घंटा असते, हजेरी असते, "काल कुठं होतास" म्हणणारा बाकावरचा शेजारी असतो. खुल्या कोर्सने व्याख्यान फुकट केलं, उत्तम केलं, खेड्यातल्या मुलाला आयआयटीचे प्राध्यापक दिले. घंटा, हजेरी आणि शेजारी मात्र पार्सलमध्ये येत नाहीत. ते आपण जमवायचे.

अशा मोठ्या खुल्या ऑनलाइन कोर्सना 'मूक' (MOOC) म्हणतात. गंमत म्हणजे ज्या कोर्सवरून हे नाव पडलं, त्यात उलट होतं. २००८ साली कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक कोर्स घेतला. फी भरलेले विद्यार्थी पंचवीसच्या आसपास आणि बाहेरून फुकट आलेले दोन हजारांवर. त्याचा सगळा भर शिकणाऱ्यांनी एकमेकांशी बोलण्यावर, एकमेकांचं लिहिलेलं वाचण्यावर होता. पुढे मोठ्या विद्यापीठांनी हे हातात घेतलं आणि सगळा मामला व्हिडिओभोवती गेला. बोलणं राहिलं कोपऱ्यात, चर्चामंचावर, जिथे निम्मे प्रश्न "सर, मुदत वाढवा" असे असतात.

तुम्ही सातारचे, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. गरिबाच्या पोराला शाळेचं दार नुसतं उघडून भागत नाही, त्याला राहायला जागा, दोन वेळची भाकरी आणि अभ्यासाला बसवणारी चार पोरं लागतात, हे त्यांनी ओळखलं होतं. त्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. खुल्या कोर्सबद्दल बोलताना मला नेहमी ते बोर्डिंग आठवतं. आपल्याकडे आता दार सताड उघडं आहे, वसतिगृह बांधायचं राहिलंय.

एमआयटीच्या त्या पहिल्या कोर्समधला सगळ्यात गाजलेला विद्यार्थी मंगोलियातला, उलानबातरचा पंधरा वर्षांचा बात्तुशिग. पैकीच्या पैकी गुण. वर्तमानपत्रांनी त्याची गोष्ट अशी सांगितली की बघा, इंटरनेट असलं की कुणीही कुठूनही शिकतो. पोरगा हुशार होता यात वादच नाही. पण त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीतून शिकून आलेले होते, आणि त्यांनी अमेरिकेतून एक संशोधक विद्यार्थी बोलावून मुलांकडून प्रत्यक्ष सर्किट्स जोडून घेतली होती. ही बाजू जाहिरातीत येत नाही.

आमच्याकडे सांगलीत, विश्रामबागेत दर गुरुवारी संध्याकाळी सहा-सात जण बसतात. कॉलेजची पोरं आहेत, एक वायरमन आहे, एक बाई आहेत ज्या हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतात. सगळ्यांचा कोर्स एकच असतो असंही नाही. नियम एकच: पहिली वीस मिनिटं लॅपटॉप बंद, आणि प्रत्येकाने काय कळलं नाही तेवढं सांगायचं. कळलेलं सांगायला लागलं की माणसं भाषण ठोकतात. मागच्या वर्षी एक मुलगी सलग दोन गुरुवार एकाच सिद्धतेवर अडली होती. वही घेऊन आली, सगळ्या पायऱ्या बरोबर लिहिलेल्या. म्हणाली, "सर, यात तोटा किती ते कुठं काढलंय?" मला कळेना कसला तोटा. मग तिने बोट ठेवलं. सरांनी व्हिडिओत म्हटलं होतं, 'विदाऊट लॉस ऑफ जनरॅलिटी'. तिला वाटलं काहीतरी लॉस आहे, तो मोजायचा राहिलाय. मी म्हटलं, "अगं, त्याचा अर्थ एवढाच की सोयीसाठी आपण एक बाजू धरू, दुसरी बाजूही अशीच सुटते." तिने दोन आठवडे डोकं फोडलं होतं, आणि गणित तिला सगळं येत होतं.

भाषेचं हे असं असतं. जि. प. शाळेतून मराठीत शिकून आलेल्या मुलाला विषय अडवत नाही, वाक्याची वळणं अडवतात. त्यातून कुणा सरांचं इंग्रजी बंगाली वळणाचं, कुणाचं तमिळ वळणाचं. मी पोरांना सांगतो, व्हिडिओ आधी बघू नका. व्याख्यानाची उतरवलेली प्रत बहुतेक कोर्ससोबत असते, ती आधी वाचा, अडलेले शब्द वहीत काढा, मग व्हिडिओ पाऊण वेगाने लावा. दुसऱ्या आठवड्यापासून नेहमीच्या वेगावर येता येतं. एनपीटीईएलच्या काही कोर्सना मराठी अनुवाद आहे, तो जरूर बघा, पण परीक्षा बहुतेक इंग्रजीत हे धरून चाला. सॉफ्टवेअर हाताळायला शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतले धडे आहेत. दहा-बारा मिनिटांचा धडा, शेजारी सॉफ्टवेअर उघडून तो बोलेल तसं आपण करायचं. पायथनला अजून हात लावला नसेल तर सुरुवात तिथून केली तरी हरकत नाही.

वेळेचं बोलू, कारण तुमच्या बाबतीत सगळं तिथेच अडलंय. हे कोर्स कुणाच्या तरी शांत आयुष्याला धरून आखलेले असतात. तासगावकडची आमची पोरं घ्या. जुलैची बॅच संपत येते तेव्हा बागेत फळछाटणीची धांदल, आणि जानेवारीच्या बॅचची परीक्षा येते तेव्हा द्राक्षाची काढणी आणि बेदाणा. दोन्हीकडून कात्री. एक मुलगा रात्री शेतीपंपाची वीज आली की मोटर चालू करायला जायचा आणि पाणी पोचेपर्यंत बांधावर बसून आधीच उतरवून ठेवलेले व्हिडिओ बघायचा. त्याला मी कधी "वेळेचं नियोजन कर" म्हटलं नाही. तेवढी अक्कल मला आहे.

तुमची अडचण जवळपास तशीच आहे, पण एका अर्थी सोपी, कारण पाळ्या आधी माहीत असतात. एनपीटीईएलचा एक नियम तुमच्यासाठीच केल्यासारखा आहे. असाइनमेंट दर आठवड्याला असते, पण गुण धरताना चार आठवड्यांच्या कोर्सला उत्तम तीन धरतात, आठच्या कोर्सला उत्तम सहा, बाराच्या कोर्सला उत्तम आठ. म्हणजे आठमधले दोन आठवडे माफ, बारामधले चार. तुमची रात्रपाळी दर तिसऱ्या आठवड्याला. बारा आठवड्यांत ती चारदा येते, म्हणजे माफीत बरोब्बर बसते, पण मग आजारपणाला जागा उरत नाही. आठच्या कोर्समध्ये ती दोनदा येईल किंवा तीनदा, ते कोर्स कुठल्या आठवड्यात सुरू होतो यावर आहे. कॅलेंडर घेऊन बसा आणि मोजा. रात्रपाळीच्या आठवड्यात असाइनमेंटचा नाद सोडा, जमतील तसे व्हिडिओ बघा. पहिल्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळी मागचं-पुढचं ओढून घ्या. मागे राहिलो म्हणून जी लाज वाटते ना, ती अशाने निम्मी होते, कारण मागे राहणं आधीच हिशेबात धरलेलं असतं.

दुसरी पाळी माझ्या अनुभवात रात्रपाळीपेक्षा वाईट. सकाळ मोकळी आहे असं वाटतं आणि ती दळण, बँक, वडिलांचा दवाखाना यात जाते. तुमचं कसं आहे ते तुम्हीच बघा. घरी लहान मूल असेल तर माझी सगळी गणितं बदला.

आता सर्टिफिकेट. मी त्याची किंमत एका गोष्टीवरून करतो: परीक्षा लिहिताना तुमच्यासमोर कुणी बसलं होतं का? घरी बसून दहा क्लिक करून मिळालेलं सर्टिफिकेट भिंतीला लावायला ठीक. एनपीटीईएलचे व्हिडिओ २००३ पासून चालत आलेल्या आयआयटी आणि आयआयएससीच्या उपक्रमातले. सर्टिफिकेट द्यायला त्यांनी २०१४ मध्ये सुरुवात केली, आणि त्याची परीक्षा केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर द्यावी लागते. शिकणं फुकट, परीक्षेला हजार रुपयांच्या घरात फी. असाइनमेंटला २५ गुण, परीक्षेला ७५. दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं: असाइनमेंटमध्ये १०, परीक्षेत ३०. आणि कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव गेलं असं नसतं. त्याचा फॉर्म वेगळा, मुदत वेगळी, ती कोर्सच्या अर्ध्यातच संपते. दर बॅचला दोन-तीन पोरं यात सापडतात आणि रडत माझ्याकडे येतात. केंद्र जवळचं मिळेलच असं नाही, तेव्हा त्या दिवशीची एसटी बघून ठेवा.

दोन्हीकडे वेगळं पास व्हायची अट का आहे, ते एका उदाहरणाने सांगतो. टेलिग्रामवर दर आठवड्याला असाइनमेंटची उत्तरं फिरतात, यूट्यूबवरही. आमच्या एका पोराचे असाइनमेंटला २५ पैकी २४. मी वर्गात त्याचं नाव घेऊन कौतुक केलं. परीक्षेत ७५ पैकी २६. बेरीज पन्नास, आणि तरी नापास. नंतर त्याने सरळ सांगितलं, "सर, ग्रुपवर उत्तरं यायची, मी फक्त भरत होतो." तुमच्यासारख्या नोकरी करणाऱ्याला हा मोह जास्त पडतो, रात्री अकराला मुदत संपत आलेली असते. त्यापेक्षा ती असाइनमेंट सोडून द्या. माफीचे आठवडे त्यासाठीच आहेत.

कोण विचारतं म्हणाल तर ते विचारणाऱ्यावर आहे. कॉलेजात असणाऱ्याला थेट उपयोग आहे. स्वयम् हे सरकारी व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झालं, एनपीटीईएलचे कोर्स आता त्यावरच असतात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून करून त्यांचे श्रेयांक (क्रेडिट) धरता येतात, आधी ही मर्यादा २० टक्के होती. कॉलेजने मान्य केलं तर, हे मात्र लक्षात ठेवायचं. तुम्ही पदवीधर आहात, तुम्हाला श्रेयांकाचं काही पडलेलं नाही. खासगी कंपनीतला माणूस सर्टिफिकेट एकदा बघतो आणि विचारतो, "याचं काय केलंत?" तिथे उत्तर लागतं.

आणि इथे तुमची बाजू माझ्या कॉलेजच्या पोरांपेक्षा भक्कम आहे, हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. आमची पोरं डेटा सायन्स शिकतात आणि प्रोजेक्टला इंटरनेटवरचा परदेशी घरांच्या किमतींचा नाहीतर फुलांच्या पाकळ्यांचा डेटा घेतात. मुलाखतीत दहा जणांची दहा प्रोजेक्टं सारखीच. तुमच्याकडे इन्स्पेक्शनचं रजिस्टर आहे. समजा एखाद्या भागातल्या भोकाचा, म्हणजे बोअरचा व्यास तुम्ही दर तासाला पाच नगांवर मोजता. पाळी, मशीन, ऑपरेटर, टूल कधी बदललं, किती नग रिजेक्ट झाले, सगळं तिथे आहे. तीन महिन्यांचं एक्सेलमध्ये भरा. आधी साधा तक्ता करा, मग कंट्रोल चार्ट काढा, म्हणजे माप नेहमीच्या चढउतारात आहे का भरकटतंय हे दाखवणारा आलेख. वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये टेलिफोनच्या कारखान्यासाठी काढलेली ही युक्ती आहे, आणि कारखान्यातल्या डेटाचा श्रीगणेशा आजही तिच्यानेच होतो. तुमच्या भिंतीवरही तो तक्ता लटकलेला असेल, कुणी बघत नसेल. रिजेक्शन रात्रपाळीत वाढतं का टूल बदलायला उशीर झाला की वाढतं, हे तुम्ही दाखवू शकलात तर तुमचा मॅनेजर कोर्स कुठला केला हे विचारणारही नाही. एक पथ्य मात्र पाळा: साहेबांची परवानगी घेतल्याशिवाय एक आकडाही कारखान्याबाहेर नेऊ नका. नोकरी जाईल.

यामुळे कोर्स निवडणंही सोपं होतं. एनपीटीईएलवर आयआयटी मद्रासचा 'पायथन फॉर डेटा सायन्स' चार आठवड्यांचा आहे. प्रोग्रामिंग थोडंफार येत असेल तर तो. अजिबात येत नसेल तर आयआयटी रोपडचा 'जॉय ऑफ कॉम्प्युटिंग युजिंग पायथन', तो बारा आठवड्यांचा, पण अगदी पहिल्यापासून सुरू होतो. भौतिकशास्त्राची पदवी असल्याने आलेख, विचलन, त्रुटी हे शब्द तुम्हाला नवे नाहीत, म्हणून मी संख्याशास्त्राचा वेगळा कोर्स आधी घ्या असं म्हणणार नाही. इतर कुणी विचारलं असतं तर कदाचित म्हटलं असतं. परदेशी व्यासपीठांवरचे कोर्स सुबक असतात, पण बऱ्याच ठिकाणी महिन्याची वर्गणी असते आणि कार्डातून ती आपोआप कापली जाते. रात्रपाळीच्या आठवड्याचेही पैसे तुम्ही भरता.

शेजारी कुठून आणायचा? तुमच्याच विभागात एखादा डिप्लोमावाला पोरगा असेल ज्याला हेच शिकायचंय. त्याची पाळी वेगळी असली तरी चालेल; पाळी बदलताना गेटवर दहा मिनिटं मिळतात. "तिसऱ्याचा चौथा प्रश्न सुटला का?" एवढं विचारलं तरी पुरे. कुणीच नसेल तर जवळच्या कॉलेजात जाऊन एनपीटीईएलचा समन्वयक कोण ते विचारा. बाहेरच्या माणसाने येऊन विचारलं की आमच्यासारख्यांना बरं वाटतं, कधी कुणी येत नाही हो.

मोबाईलचं राहिलं. व्हिडिओ आणि वाचनाला मोबाईल पुरतो. कोड लिहायला नाही. मोबाईलवर पायथन चालवायची सोय आहे, पण दोन तास बोटाने कंस आणि मोकळ्या जागा सांभाळल्यावर माणूस विषयावर चिडतो आणि दोष विषयाचा नसतो. जुना लॅपटॉप बघा, आठ जीबी रॅम असली की या कामाला भागतं, बॅटरी गेलेली असली तरी चालेल. तोपर्यंत पहिले दोन आठवडे वहीवर कोड लिहा आणि रविवारी कुणाच्या तरी संगणकावर चालवून बघा. त्याआधी एक काम करा. पुढच्या चार महिन्यांच्या पाळ्यांचा तक्ता सुपरवायझरकडून मागून घ्या आणि त्यावर कोर्सची सुरुवात, परीक्षेच्या फॉर्मची मुदत आणि परीक्षेचा दिवस पेनने टाका. परीक्षा रात्रपाळीच्या आठवड्यात येत असेल तर आदल्या रात्रीची सुट्टी आत्ताच टाकून ठेवा.